दारामागचा हात

तुम्ही माणूस पुसलात. चित्रपट जतन करणारं खातं म्हणवता, दारावर पितळी पाटी लावता, आणि एका सुताराला पडद्यावरून असं घासून काढलंत की जणू तो त्या दारामागे कधी उभाच नव्हता. वर त्याला नाव काय दिलंत, तर सफाई! कुणाला विचारलंत? जिला विचारायला हवं होतं ती बाई तुमच्या कचेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. खाली तिचं शिवणाचं दुकान, वर घर. जिन्याखाली उभं राहून हाक मारली तरी ओ देते. तुम्ही हाक मारली नाहीत. आता जरा ऐकून घ्या.

गल्लीत तिला सगळे किंकाळी म्हणतात. तोंडावर किंकाळीमावशी, पाठीमागे नुसतंच किंकाळी. तिला दोन्ही चालतं. स्वभावाने ती ओरडणारी नाही. दुकानात तर तोंडात टाचण्या असल्यामुळे धड बोलतही नाही. नाव पडलं ते 'कडी आतून होती'मुळे. तो भुताच्या घराचा सिनेमा तुमच्या बापांनी पाहिला असेल, भीत भीत पाहिला असेल आणि नंतर आपण भ्यालोच नाही असं सांगितलं असेल. त्यातली ती किंकाळी तिची.

सिनेमा कसा होता? भिकार होता, आणि झकास होता. एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात अख्खा बंगला उभा केला होता, प्लायवूड, खिळे आणि उधारीच्या रंगावर. झुंबर म्हणजे औषधाच्या रिकाम्या बाटल्या. धुकं म्हणजे ओल्या पोत्यांचा धूर, त्यात भुतापेक्षा कॅमेरावालाच जास्त खोकायचा. वटवाघळं छत्रीच्या कापडाची. ती हिने शिवलेली, कारण कपडेपट तिच्याकडे होता, आणि त्या सिनेमात जे जे कापडाचं ते ते कपडेपटाकडे ढकललं जायचं. भुताचा झगासुद्धा पडद्याच्या अस्तराचा. दिग्दर्शक आधी दंतमंजनाच्या जाहिराती करायचा. तो रोज सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगायचा, "लोकांची दातखीळ बसली पाहिजे!" आणि लोक म्हणायचे, "हां, म्हणजे मंजन खपणार नाही."

बंगला बांधला सुताराने. एकट्याने. बांधला तो बांधला, पण मागून टेकू द्यायला लाकूड पुरलं नाही. म्हणून चित्रण चालू असलं की हा भिंतीमागे जाऊन घराला पाठ लावून उभा राहायचा. पुढे नायिका घाबरतेय, दिवे लुकलुकतायत, आणि मागे हा गडी अख्ख्या झपाटलेल्या बंगल्याचं ओझं पाठीवर घेऊन जांभया देतोय.

ज्या दिवशी दाराचा प्रसंग होता त्या दिवशी नायिका तापाने पडली. दिग्दर्शकाने इकडे तिकडे पाहिलं आणि कपडेपटवालीला म्हणाला, "तुझी उंची बरोबर आहे. पाठमोरीच उभी राहायचंय. नायिकेची साडी नेस."

"आणि तोंड फिरवलं तर?"

"फिरवायचं नाही. दार आपोआप उघडेल, तू दाराची कड धरायचीस, आत बघायचंस आणि ओरडायचंस. येतं ना ओरडायला?"

"अजून वेळ आली नाही," ती म्हणाली.

तालमीत तिने दाराची कड धरली आणि खरंच ओरडली, पण भुताला बघून नाही. तळहातात कुसळ घुसलं होतं. सुतार भिंतीमागून बाहेर आला, घर डोललं, दिग्दर्शक बोंबलला. सुताराने तिच्याच पदराला टोचलेली सुई मागून घेतली, तिचा हात दिव्याखाली धरला आणि कुसळ काढलं. एवढ्या दिवसांत त्यांचं एवढंच बोलणं झालं. तो म्हणाला, "चूक माझी आहे, कड घासायची राहिली." ती म्हणाली, "घासा मग." तेवढ्यात दिवे लागले आणि घासायची राहिलीच.

दार दोऱ्याने ओढायचं होतं. दोरा तुटला. धुराच्या ओलीने प्लायवूड फुगलेलं, दार जागचं हलेना. कॅमेरा चालू, फिल्म शेवटची. तेव्हा सुताराने पलीकडून दार ढकललं. दार करकरत उघडलं, आणि कडेवर त्याचा हात दिसला, मनगटापर्यंत, करंगळीला पट्टी बांधलेला. तो लगेच मागे गेला असता तर कुणाला कळलं नसतं. पण तो हात सुताराचा होता. त्याने अंगठा दाराच्या कडेवरून खाली फिरवला, सावकाश, कुठे काही टोचतंय का ते पाहिलं, एक ढलपी नखाने उडवली, आणि मग गेला. मग हिने ती कड धरली. आणि किंकाळी फोडली.

ती किंकाळी अशी का निघाली, हे दिग्दर्शकाला शेवटपर्यंत कळलं नाही. ती हसू दाबत होती. दाबता दाबता जे बाहेर पडलं ते तसं निघालं.

पुन्हा चित्रण करायला फिल्मच नव्हती. हात राहिला. थिएटरात भीतीने गप्प झालेली माणसं त्या जागी खो खो हसायची. दार तपासून देणारं भूत पूर्वी कुणी पाहिलंच नव्हतं. आणि हशा ओसरायच्या आत किंकाळी यायची, त्यामुळे हसणारे दुप्पट दचकायचे. सिनेमा चालला तो त्यावर.

पुढे सुतार आणि कपडेपटवालीचं लग्न झालं, हे सांगायला नको.

घरात त्या सिनेमाची टेप होती. मुलीचा वाढदिवस, पहिला पगार, आजारपणातून उठणं, काहीही निमित्त पुरायचं. अंथरुणावर सगळे एका रांगेत बसायचे आणि सिनेमाशी भांडत सिनेमा पाहायचे. "अगं बाई, तळघरात जाऊ नकोस, तिथे रंगाचे डबे ठेवलेत!" असं लेक ओरडायची. सुतार प्रत्येक वेळी जिन्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "तिसरी पायरी बघ, तिला खिळाच नाही." आणि दार करकरलं की सगळे एका सुरात म्हणायचे, "आले!" सुतार लाजून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचा. दरवेळी. त्याला तहान लागलेली नसायची.

तो गेला तेव्हा लेक कॉलेजात होती. माणूस फोटोला नेहमी नाराज. जे फोटो आहेत त्यांत हात पाठीमागे बांधून उभा, शिक्षा केल्यासारखा. हलताना, काही करताना तो कुठे दिसत असेल तर त्या दाराशी.

जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यालाही टेप दाखवली. आधी काही सांगितलं नाही. हात दिसला आणि तो पोट धरून हसला. "हा कोण बावळट!" म्हणाला. मग लेक हळूच म्हणाली, "बाबा आहेत ते." जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. किंकाळीने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "हसलास ना मनापासून? मग चालेल. तो हात बघून जो हसत नाही त्याच्या घरात मी मुलगी देणार नव्हते."

टेपला बुरशी लागली आणि ती गेली. दुकानांतून, बाजारातून, माळ्यांवरून दुसरी शोधली, मिळाली नाही. बरीच वर्षं तशीच गेली. आणि मग तुमचं पोस्टर लागलं. 'कडी आतून होती', नवी स्वच्छ प्रत, खात्याच्या प्रेक्षागृहात, दुपारचा खेळ.

किंकाळीने त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. कपाटातून ठेवणीतली साडी काढली, इस्त्री केली.

"आई, अंधारात कोण बघणार आहे?" लेक म्हणाली.

"तो," ती म्हणाली.

जावयाने नजर दुसरीकडे वळवली आणि चप्पल शोधायला लागला, जी त्याच्या पायातच होती.

प्रेक्षागृह भरलेलं होतं. तुमचे एक अधिकारी, चष्मेवाले, तरुणच, स्टेजवर येऊन बोलले. लहानपणी हा सिनेमा पाहून आपण कसे आईच्या कुशीत शिरलो, ते त्यांनी सांगितलं. खोटं वाटलं नाही. किंकाळीने टाळ्याही वाजवल्या. मग ते म्हणाले, चित्रातले सगळे दोष आम्ही मेहनतीने काढले आहेत. तिला वाटलं, ओरखडे असतील.

सिनेमा सुरू झाला आणि ती हरखूनच गेली. काय रंग! भुताच्या झग्यावरची तिची टीपन् टीप दिसत होती. "वाकडी गेलीय बघ तिथे," ती लेकीच्या कानात म्हणाली. वटवाघळं आली, त्यांच्या दोऱ्या नव्हत्या. "अरे वा, आता खरंच उडतात की!" जावई म्हणाला, "सासूबाई, तुमची वटवाघळं मोठी झाली." मागच्याने "श्शू" केलं. तिघेही शाळेतल्या पोरांसारखे खुसुखुसु हसत राहिले.

मग दाराकडे जाणारा तो बोळ आला. पाठमोरी ती चालत दारापर्यंत गेली. लेकीने आईचा हात धरला. जावई पुढे सरकून बसला. दार करकरलं आणि तिघे एका सुरात म्हणाले, "आले!"

दार उघडलं. आपोआप. कडेवर कुणी नव्हतं.

नुसती कड. गुळगुळीत, काळी, आणि तिच्यामागे अंधार. जेवढा वेळ तो अंगठा फिरायचा तेवढा वेळ दार तसंच उघडं, रिकामं. कुणी हसलं नाही. सभागृहात श्वास अडकल्याचा आवाज आला, कारण आता ते दार खरोखरच भुताने उघडलं होतं. ज्या बाईने ती वटवाघळं कापली, जिला त्या भुताच्या झग्याचं माप पाठ होतं, जी आयुष्यात त्या सिनेमाला कधी घाबरली नव्हती, तिच्या अंगावर काटा आला. पडद्यावर तिची तरुण किंकाळी फुटली, तुम्ही धुऊन पुसून लख्ख केलेली. आणि खुर्चीतल्या बाईला वाटलं, हां, आता हे ओरडणं बरोबर आहे.

ती उठली. "हात कुठाय?"

"आजी, बसा खाली," मागून कुणी म्हणालं.

"बसते. हात कुठाय ते सांगा, बसते."

दिवे लागेपर्यंत ती उभीच होती. मागच्याला पुढचा सिनेमा दिसला नाही. बरं झालं.

बाहेरच्या दालनात अधिकारी स्वतःच धावत आले. लेकीने ओळख सांगितली तसे ते तिच्या पाया पडायचेच राहिले. "तुम्ही! मी तुमच्या आवाजाने रात्र रात्र झोपलो नाही हो!"

"बाळा, मी आता झोपणार नाही," किंकाळी म्हणाली. "दाराशी एक हात होता."

"हो, हो! ती मोठी चूक होती. त्याच्यावरच सगळ्यात जास्त काम केलं आम्ही. एकेक चित्र घेऊन. तुम्हाला कळलंसुद्धा नसेल की—"

"ते माझे वडील होते," लेक म्हणाली.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. कानापर्यंत लाल झाला. पण खात्याचं पाणी एकदा अंगात मुरलं की माणूस सावरतो तोही खात्यासारखाच. म्हणाला, "मी समजू शकतो. पण प्रेक्षक त्या जागी हसायचे ना. कलाकृतीचा परिणाम..."

"हसायचेच! ओरडताना मीसुद्धा हसत होते. माईकची सावली काढलीत, काढा. दोऱ्या काढल्यात, मीच 'अरे वा' म्हणाले. पण तो दोष नव्हता, तो माणूस होता."

"माणूस म्हणजे, आजी, नुसता हातच तर—"

"नुसता हातच उरला होता रे आमच्याकडे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बाकीचा तुमच्याकडे असेल तर आण, मी हात सोडून देते."

जावयाने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. अधिकारी चष्मा पुसत राहिले. मग अगदी हळू त्यांनी कबूल केलं, की पुसलं ते नव्या प्रतीत. जुन्या रिळावर हात असणारच. पण नवी प्रत झाली की जुनी निकाली काढायची असा वरून नियम आहे. हे रीळ तळघरात आहे की गेलं, ते त्यांना ठाऊक नाही.

"तळघर कुठाय?"

"किल्ली वर असते."

"मग वर विचार."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. वरचे साहेब बैठकीत होते. पुन्हा लावला. बैठकीतच. किंकाळीने दालनातल्या बाकावर पदर सावरून बैठक मारली. लेक शेजारी बसली. जावयाने कुठूनसा चहा आणला आणि एक कप अधिकाऱ्यांनाही दिला. तेही बसले, बाकाच्या टोकाला, चूक केलेल्या घरच्या पोरासारखे.

"काका कसे होते हो?" त्यांनी विचारलं.

"चिकट," ती म्हणाली. "एक कड गुळगुळीत झाल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. जेवण निवून जायचं."

"आणि कौतुक केलं की?"

"पाणी प्यायला जायचा," लेक म्हणाली, आणि तिघेही हसले. मग अधिकारीही हसले, का ते न कळताच.

फोन काही आला नाही.

तेव्हा वर बसलेले साहेब, आता तुमच्याशी बोलणं आहे. तुमचा तो तरुण अधिकारी रडकुंडीला आलाय, त्याला पुढे करू नका. नियम त्याने केलेला नाही. सिनेमा पाहणाऱ्यांना घाबरवण्यासाठी तुम्ही एक दार रिकामं केलंत, आणि ती बाई तुमच्या बाकावर बसली आहे, ती त्या रिकाम्या दारापायी. तिला माफी नको, सत्कार नको, पाटीवर नाव नको. एवढंच सांगा: ते रीळ तळघरात आहे, की तुम्ही जाळलंत? आणि असेल, तर किल्ली घेऊन खाली कधी येताय?