पलीकडच्या काठावरचं पाणकणीस

तळ्याचा पूर्वेचा काठ तालमीकडं आणि पश्चिमेचा नजीराबाईंकडं, अशी वाटणी झाली त्याच दिवशी तालमीच्या कृष्णाततात्यांच्या अंगात ईर्षा शिरली. कोल्हापुरात ईर्षा शोधावी लागत नाही, ती दारातच चप्पल घालून उभी असते. काम दोघांचं एकच, जलपर्णी ओढून तळं मोकळं करायचं. पण दर रविवारी तात्यांना शेवटी एवढंच कळायला हवं असे, की आपल्या ट्रॉल्या किती आणि त्यांच्या किती.

नजीराबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांच्या गटात पाच-सहा बायका आणि दोन प्राध्यापक. पैकी एक नुसते फोटो काढायचे. बाई जलपर्णी काढायच्या, पण काठावरचं पुरुषभर उंचीचं पाणकणीस तसंच ठेवायच्या.

"बाई, तुमचा काठ म्हंजे दाढी न केलेला नवरदेव," तात्या म्हणायचे.

"असू दे तात्या. त्यात पाणकोंबड्या घरटी करतात."

हाताखाली माणसं न्हाईत म्हणून पाखरांचं निमित्त, असा तात्यांनी त्याचा अर्थ लावला होता.

श्रावणाच्या तोंडावर बाई भाचीच्या लग्नाला गडहिंग्लजला गेल्या, त्यामुळं त्यांच्या गटाला सुट्टी होती. त्या रविवारी तालमीचा काठ दहालाच उरकला. तालमीतल्या अमरसिंहचा ट्रॅक्टर रिकामा उभा राहिला आणि तात्यांची नजर पलीकडं गेली.

"चला, बाईंचंबी उरकून टाकू. आल्यावर बघतच ऱ्हातील."

"एकदा फोन करून इचारलं असतं, तात्या," अमरसिंह म्हणाला.

"चांगल्या कामाला कसलं इचारायचं?"

चौदा ट्रॉल्या निघाल्या. शेवटची भरताना एका पेंढीत तात्यांना अंडी दिसली. बदामी रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. चार, त्यातलं एक फुटलेलं. आजूबाजूला कोणी बघत नव्हतं. तात्यांनी त्यावर दुसरी पेंढी टाकली आणि अमरसिंहला निघायची खूण केली.

बुधवारी तालमीच्या हॉलमध्ये बैठक बसली. बाईंचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट.

"काठ सोलून काढलाय. कोणी केलं, एवढंच सांगा."

"बाहेरच्या कुणीतरी वैरणीला कापून न्हेलं असंल," बाईंच्या गटातल्या चिमणाबाई म्हणाल्या.

तालमीची बारा माणसं सतरंजीकडं बघत होती. आपल्यासाठी एवढी माणसं गप्प बसतात, याचा एरवी तात्यांना अभिमान वाटला असता. आज त्या एकेका वाकलेल्या मानेचं ओझं त्यांच्या मानेवर येत होतं.

मग अमरसिंह उठला. दोन पोरींचा बाप, कधी कुणाच्या अध्यात न मध्यात.

"ट्रॅक्टर माझा व्हता, बाई. चूक झाली."

बाई त्याच्याकडं वळल्या. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. रविवारपासून तुम्ही येऊ नका."

अमरसिंहनं मान हलवली आणि खाली बसला. तात्यांना सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, आणि आपल्याला असं वाटू शकतं या विचारानं त्यांचे कान तापले.

"त्यो न्हाय," ते म्हणाले. "मी सांगितलं. त्यानं इचारा म्हटलेलं, मीच न्हाय इचारलं." एवढ्यावर थांबता आलं असतं. "अंडी दिसलती मला. वरनं पेंढी टाकली."

"किती होती?"

"चार."

तात्या उठून बाईंसमोर आले.

"सांगा बाई, काय करू. उद्या चिखलात उतरतो, हातानं परत लावतो सगळं."

"काही करू नका, तात्या. मुळं राहिली असतील तर आपलं आपण येईल. तोवर त्या काठाला तुम्ही हात लावायचा नाही."

पुढच्या रविवारी तात्या आले आणि लांब एका दगडावर बसले. उघड्या काठानं पाणकोंबड्यांची जोडी फिरत होती. एका ठरावीक जागी यायची, थांबायची, परत पाण्यात जायची. बाईंनी परत बोलावलेला अमरसिंह पूर्वेकडून येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला.

"घरी जावा तात्या, ऊन लागंल."

तात्यांनी नुसती मान हलवली. त्याच्याकडं बघणं काही त्यांना जमलं नाही.