काशीत सोडलेलं पान

गयेचं श्राद्ध आटोपलं की काशीत एक भाजी, एक फळ आणि एक पान सोडायचं, अशी आमच्याकडची रीत. सोडलं ते जन्मात पुन्हा खायचं नाही. आमच्या ह्यांनी भाजीत कारलं सोडलं. साठ वर्षं ज्या कारल्याकडे बघून तोंड वाकडं केलं, ते! फळात सीताफळ सोडलं, कारण बिया काढायचा कंटाळा. पानात कसलंसं पान सोडलं, ज्याचं नाव भटजींनीच सुचवलं आणि ह्यांनी आजवर पाहिलेलंही नाही. माझी पाळी आली तेव्हा मात्र गंगेचा वारा, मंत्र, दिवे, सगळं एकदम अंगावर आलं आणि मी भरल्या डोळ्यांनी वेत्तिलै सोडली. विड्याचं पान. लग्न झाल्यापासून दुपारच्या जेवणानंतर एकही दिवस न चुकलेलं.

परतीच्या गाडीत पहिलं जेवण झालं आणि आपण काय करून बसलो ते मला कळलं.

ह्यांना मात्र माझा केवढा अभिमान! एग्मोरच्या ऑफिसातले जुने सोबती भेटोत, लग्नातले नातेवाईक भेटोत, आमचे हे, सेतुमाधवराव, छाती फुगवून आपल्या दक्षिणी मराठीत सांगणार, "आम्ही काय, कारलें सोडलों. विजीनं वेत्तिलै सोडली! चाळीस वर्षांची सवय!" लोक माझ्याकडे आदरानं बघत. मी मान खाली घालत असे, आणि लोकांना तो विनय वाटे.

कारण खरी गोष्ट अशी, की मी जेमतेम अडीच महिने टिकले. मग कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईकडून पानं आणायला लागले. जेवण झालं की हे हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात, हातात एक पान. इडलीच्या तांदळाच्या डब्यामागे ओल्या फडक्यात पानं, सुपारी आणि चुण्णांब्याची, म्हणजे चुन्याची, डबी. ह्यांनी आयुष्यात स्वयंपाकघराचं कपाट उघडलेलं नाही. असा नवरा असण्याचे काही फायदेही असतात.

शिवाय तोवर ह्यांचं लक्ष दुसरीकडे लागलं होतं. काशीहून आल्यावर दोन महिन्यांत ह्यांनी घरात समुद्र आणला. चार फुटांची काचेची टाकी, खारं पाणी, निळे दिवे, दगड, दोन नारिंगी मासे, आणि दगडावर शर्टाच्या बटणांएवढी हिरवी-केशरी मऊ पोवळी. आधी आठ होती, तीन वर्षांत साठ झाली. जेवून उठले की हे स्टूल घेऊन टाकीसमोर. मी तिला सवत म्हणायची. "सवतीला जेवायला घातलंत का?" हे हसायचे, पण मान वळवायचे नाहीत.

मग त्या टाकीत ऐप्टेशिया आले. कुठल्याशा नव्या दगडाला चिकटून एक आला असावा. समुद्रफुलाचीच जात, पण हलकट. काचेसारखं तपकिरी देठ आणि वर मिशांचा झुबका. शेजारच्या पोवळ्याला त्या मिशांनी डंख करायचा आणि त्याची जागा बळकवायची, एवढाच धंदा. पोवळी घाबरून मिटून बसली.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? मारेल. पण आमचे हे स्नान-संध्या करणारे. तुळशीचं पान तोडतानासुद्धा क्षमा मागतात. "पावम ग, बिचारें," मला म्हणाले, "तें पण जीव नव्हे कां?" आणि चिमट्यानं एकेकाला हळूच उपटून टाकीच्या मागच्या कप्प्यात, जिथे पाणी गाळलं जातं, तिथे त्यांनी त्यांची सोय करून दिली. स्वतंत्र बिऱ्हाड! त्या जातीचा गुण असा, की उपटताना देठाचा तीळभर तुकडा दगडाला राहिला तर त्यातून नवा उगवतो. पंधरा दिवसांत पुढच्या दगडांवर बाराचे चाळीस झाले. मागच्या कप्प्यातल्यांची गणती नाही, आणि तिथून पंपाच्या वाटेनं त्यांची पोरंबाळं पुन्हा पुढे.

"तुमच्या पाहुण्यांना जेवायला काय करू?" मी विचारलं. "सांबार चालेल?"

मग कोळत्तूरच्या शोभेच्या माशांच्या बाजारातून लाल पट्ट्यांच्या कोळंब्या आणल्या. त्या म्हणे ऐप्टेशिया खातात. आमच्या घरी येऊन त्यांनी माशांचं खाणं खाल्लं आणि दगडाखाली जाऊन झोपल्या. "तुमच्याच वळणावर गेल्या," मी म्हटलं. पण ह्या वेळी हे हसले नाहीत. साठातली वीस-बावीस पोवळीच उरली होती. ह्यांनी दुपारचं ताक निम्मं ठेवलं, तेव्हा मी थट्टा बंद केली.

त्या मंगळवारी जेवणानंतर हे मोबाइल नाचवत स्वयंपाकघराच्या दारात आले. नशीब, पान अजून फडक्यात होतं.

"विजी! औषध सांपडलें! पोवळीवाल्यांच्या ग्रुपमधें अस्कि लोक, एकूण एक, हेंच सांगतात. पंप बंद करायचा, होर त्याच्या तोंडावर सिरिंजनं दाट पिठी सोडायची. तोंड मिटून घेतो, होर संपतो. ती पिठी कसली माहीत अहे? चुण्णांबु! वेत्तिलैचा पांढरा चुण्णांबु!"

"आणि जीव? पावम?" मी विचारलं. उगाच. वेळ काढायला.

"पोवळीं पण जीवच नव्हे कां? करतों, मग प्रायश्चित्त घेतों." हे शर्ट चढवू लागले. "कोपऱ्यावर ती फुलवाली अहे ना, तिच्याकडे असणार. पांच मिनिटांत येतों."

ती फुलवाली म्हणजे आमच्या अंबत्तूरचं आकाशवाणी केंद्र. ह्यांना बघताच म्हणाली असती, "चुण्णांबु? मामी शुक्रवारीच घेऊन गेल्या की! पानं पण देऊ मामींची?" तीन वर्षांचा मान त्या फुटपाथवर मोगऱ्याच्या पाटीशेजारी आडवा झाला असता.

"आत्ता ऊन किती आहे," मी म्हटलं.

"छत्री घेतों."

"ती दुपारी झोपते."

"उठवतों."

"संध्याकाळी मी आणते."

"तोंवर होर चार पोवळीं जातील ग," हे म्हणाले. आवाज इतका लहान झाला होता की मला ऐकवेना. चप्पल पायात गेली होती.

पोवळ्यांच्या दयेनं मी पुढचं केलं असं सांगायला मला आवडेल. पण अर्धं कारण फुलवाली होती. इडलीच्या तांदळाचा डबा बाजूला केला, डबी काढली आणि ह्यांच्या समोर धरली.

ह्यांनी डबी उघडली. बोटाला चुना लावून पाहिला. ओला, ताजा. मग कपाटातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं. चप्पल काढली आणि टाकीकडे गेले.

मी मागोमाग गेले. ह्यांनी पंप बंद केला. वाटीत चुना कालवून सिरिंजमध्ये भरला आणि एकेका झुबक्याच्या मधोमध पांढरा ठिपका ठेवू लागले. ठिपका पडला की मिशा आत ओढल्या जात आणि तो बेटा गोळा होऊन बसे. एका दिवसात सगळे मारायचे नाहीत म्हणे, पाणी बिघडतं. दहा झाल्यावर हे थांबले. मी बोलणी खायला उभीच होते.

"पाप माझ्या माथी," शेवटी मीच म्हटलं. "काशीविश्वनाथाला मी उत्तर देईन."

"तें तूं होर विश्वनाथ बघून घ्या." हे टाकीकडेच बघत होते. "मला त्याचा राग नाहीं."

"मग कशाचा?"

"चाळीस वर्षें दुपारीं तुझें पान कोण लावत होतें?"

हे लावत होते. स्वतः कधी खाल्लं नाही, पण रविवारी आणि सुट्टीला, आणि निवृत्त झाल्यावर रोज, शिरा काढून, चुना लावून, घडी घालून पान माझ्या हातात हेच देत. ऑफिसच्या दिवशी जाण्याआधी लावून ताटलीखाली ठेवून जात.

"तूं सोडलीस, तेव्हां माझें पण सुटलें," हे म्हणाले. "जेवून उठायचें, होर हातांना काम नाहीं. काय करूं? म्हणून ही टाकी आणलों. होर तूं आंत एकटी खात होतीस."

तीन वर्षं मी तिला सवत म्हणत होते. मला इतकी लाज वाटली की रडूही आलं नाही.

मी आत जाऊन फडकं घेऊन आले आणि ह्यांच्या मांडीवर ठेवलं. ह्यांनी हात धुतले, पान निवडलं, नखानं शिरा काढल्या. घडी घातली. माझ्याकडे न बघता पुढे केलं.

चुना फार झाला होता. तीन वर्षांत ह्यांचा अंदाज गेला होता. माझी जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं.

"बरोबर झालें?" ह्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं, आणि चावत राहिले.