फिरतं स्टूल आणि सुबक पाटी

"वाढला! वाढला! बघा, बोटं जुळली!"

आरोळी उठली आणि बंद पडलेल्या गोदामातली गर्दी पुढे रेटली गेली. मधोमध एका गोल स्टुलावर एक तरणा माणूस बसला होता. दोन्ही हात समोर ताणलेले, तळव्याला तळवा लावलेला. मघाशी त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन बोटं तोकडा होता, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. खेचेबाबांनी त्याची मनगटं धरली, डोळे मिटले, घशातून म्हशीसारखा आवाज काढला आणि हात खेचला. बोटं बरोबरीला आली.

"डॉक्टर काय मागतो? चिठ्ठी!" बाबा गरजले. "चिठ्ठीला रांग, रांगेला नंबर, आणि नंबर लागला की डॉक्टर जेवायला! इथे चिठ्ठी लागते?"

"नाही!"

"सुई लागते? हाडाचा फोटो लागतो?"

"नाही! नाही!"

"मग काय लागतं?"

"श्रद्धा!"

श्रद्धा तर लागायचीच. शिवाय बाहेर पडताना तेलाची बाटलीही घ्यावी लागायची, पण असल्या क्षुल्लक गोष्टी बाबा तोंडावर आणत नसत. ते दारातला चेला बघायचा.

गर्दीच्या मागे हाताची घडी घालून त्या तरुणाची थोरली बहीण उभी होती. तिची कोपऱ्यावर लॉन्ड्री. गल्लीतले लहानथोर तिला ताईच म्हणत आणि तिच्या जिभेला वचकून असत. "कपड्यावरचा डाग आणि माणसातली लबाडी मला लांबून दिसते," असं ती गिऱ्हाइकांना सुनवायची. आज मात्र भावाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू फुटलं होतं, आणि ते पुसायची तिची छाती होईना.

भाऊ पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. गावातली निम्मी अक्षरं त्याच्या हातची. शिडीवरून पडला आणि उजवं कोपर मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाडांचे डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. आता व्यायाम करून घ्या, खाली विभाग आहे." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बहीणभाऊ खाली गेले. विभागाच्या दारावर ठसठशीत पाटी होती: 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आत प्रवेश नाही.' पाटीखाली शिपाई.

"अहो, डॉक्टरांनी तोंडी सांगितलंय," ताई म्हणाली.

"तोंडी तर मीही राजा आहे. पाटी वाचा."

ताईचा पारा चढला. ती काही बोलणार, तोच भावाने तिची बाही ओढली. तो त्या पाटीकडे टक लावून बघत होता. "ताई, माझीच पाटी आहे ही! किती वर्षं झाली गं. रंग बघ अजून कसा टिकलाय."

ते पुन्हा वर गेले तर डॉक्टर निघून गेलेले. पुढच्या खेपेला ते रजेवर. दुसऱ्या डॉक्टरांनी हात वर केले, "ज्यांनी प्लास्टर घातलं, चिठ्ठी त्यांच्याकडूनच घ्या." ताई शिपायाशी दोन हात करायला निघाली तेव्हा भाऊच म्हणाला, "जाऊ दे ना. नियम म्हणजे नियम. मीच तर रंगवलाय."

घरी कोपर दिवसेंदिवस आखडत चाललं. आणि मग कुणीतरी खेचेबाबांचं नाव काढलं. ताईने आधी आकाशपाताळ एक केलं. "हाडं ओढून वाढत असती तर मी तुझ्या शर्टांबरोबर तुलाही ओढून वाळत घातला असता!" पण भाऊ हळूच म्हणाला, "तिथे निदान आत तरी घेतात, ताई." बुडत्याला काडीचा आधार. ती त्याच्याबरोबर गेली.

दर रविवारी आधी चेला ते कोपर तेल लावून रगडायचा. भाऊ कळवळायचा. चेला म्हणायचा, "दुखतंय म्हणजे उघडतंय." मग स्टूल, मग बाबा, मग आरोळी. रविवारी बोटं जुळायची आणि सोमवारी सकाळी भावाचा घास तोंडापर्यंत पोचायचा नाही. कोपर सुजलं, गरम राहायला लागलं, हाताला दगडासारखं लागायला लागलं.

"एवढा वाढलेला हात तोंडापर्यंत का जात नाही रे?" एकदा ताईने विचारलंच.

"माझीच श्रद्धा कमी पडत असेल," तो म्हणाला.

ही या धंद्यातली खरी हुशारी. गुण आला तर बाबांचा, नाही आला तर खोट तुमची! ताईने त्या रात्री इस्त्री करता करता एक चांगला शर्ट जाळला, आणि हात भाजल्यासारखी रडली.

तर त्या रविवारी भाऊ हसत स्टुलावरून उतरला आणि गर्दीतून एक बाई पुढे आली. साधे कपडे, केस घट्ट बांधलेले. "बाबा, माझाही हात आखडलाय. बघता का?"

बाबांनी तिला बसवलं, हात जुळवले. डावा हात दोन बोटं तोकडा! बाबांनी आवाज काढला, खेचलं, वाढला! गर्दीने टाळ्या पिटल्या.

बाई जागची उठली नाही. "गंमत आहे," ती म्हणाली, "मला काहीच झालेलं नाही. दोन्ही हात धडधाकट आहेत. मग तुम्ही काय वाढवलंत?"

हशा पिकला आणि लगेच विरला. बाबा म्हणाले, "रोग आत असतो, बाई. तुला दिसत नाही, मला दिसतो."

"असेल. मग मी त्या भिंतीला पाठ लावून बसते. दोन्ही खांदे भिंतीला टेकवते. तिथे वाढवून दाखवा."

"भिंतीने शक्ती अडते!"

"हात समोर आहेत, भिंत मागे. समोरची शक्ती मागची भिंत कशी अडवते?"

बाबा चेल्याकडे बघायला लागले. बाईने स्टुलाला बोट लावलं. ते तेल घातल्यासारखं गर्रकन फिरलं. "बघा. आपण सगळे बोटांकडे बघतो, स्टुलाकडे कोण बघतं? बाबा गुडघ्याने स्टूल जरासं ढकलतात. धड वळलं की एक खांदा पुढे जातो, दुसरा मागे. पुढच्या खांद्याचा हात लांब दिसतो. आधी एकीकडे वळवायचं, हात तोकडा. मग दुसरीकडे वळवायचं, हात वाढला! झाला चमत्कार." तिने गर्दीतल्या एका धिप्पाड हमालाला बसवलं, त्याचा हात आधी आखूड केला, मग लांब केला. हमाल खुळ्यासारखा हसला.

"मॅडम," भाऊ पुढे आला. "माझा तर खरंच वाढलाय. मी बसतो भिंतीला."

ताई पुटपुटली, "नको रे." पण तो बसला. पाठ टेकली, खांदे टेकले, हात समोर आले. उजवा हात डाव्याच्या मनगटापर्यंत कसाबसा पोचला. पहिल्या दिवशी होता त्यापेक्षाही मागे.

भाऊ आपल्या बोटांकडे बघत राहिला. बाईने त्याचं कोपर अलगद चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे कुणी रगडलं?"

चेला केव्हाच पसार झाला होता.

"मोडलेलं कोपर असं रगडायचं नसतं, दादा. जखमी स्नायू चेंगरतो आणि त्याच्यातच नवं हाड तयार व्हायला लागतं. तसंच झालंय, अशी मला भीती वाटते. उद्या फोटो काढू, डॉक्टरांनाही दाखवू. पुढे थोडं उघडेल. पण शिडीवर चढून वरपर्यंत हात..." तिने वाक्य सोडून दिलं. "मी इस्पितळात व्यायामाच्या विभागात आहे. प्लास्टर निघाल्यावर सरळ माझ्याकडे का नाही आलात हो?"

आता मात्र ताईचा बांध फुटला. "आलो होतो! दोनदा आलो होतो! तुमच्या दारातून हाकललं आम्हाला. चिठ्ठी नव्हती म्हणून!"

"चिठ्ठी?" बाई गोंधळली. "चिठ्ठीची अट तर कधीच निघाली. कुणीही थेट यायचं. मी तपासते, गरज वाटली तर मीच डॉक्टरांकडे पाठवते."

"मग पाटी?"

ती रोज त्या पाटीखालून जायची. नियम बदलला होता, पाटी तेवढी राहिली होती. वाचणारे वाचून परत जात होते आणि आत ती म्हणायची, हल्ली पेशंट का येत नाहीत? शिपायाने कधी विचारलं नाही, कारण पाटी होती. डॉक्टरांनी विचारलं नाही, कारण शिपाई होता.

"इतकी छान रंगवलीय," ती कशीबशी म्हणाली, "की कुणाला काढावीशीच वाटली नाही."

भाऊ तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. मग म्हणाला, "रंग चांगला वापरला होता, मॅडम. बाहेरच्या भिंतीचा."

खेचेबाबा त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. स्टूल घेऊन गेले, म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या गावात हात वाढत असणार. काही लोक अजून म्हणतात, बाईने दृष्ट लावली. म्हणोत बापडे.

भावाचे व्यायाम सुरू झाले. हात थोडा उघडला. घास तोंडाशी जातो. ब्रश डोक्याच्या वर जात नाही, आणि जाणारही नाही. पहिल्याच सकाळी तो रंगाचा डबा घेऊन विभागाच्या दाराशी गेला होता. ताईने डबा धरला, शिपायाने न सांगता स्टूल आणून दिलं, न फिरणारं. भावाने आधी जुनी अक्षरं पुसली. मग डाव्या हाताने, जीभ दाताखाली धरून, शाळेतल्या पोरासारखी वाकडी अक्षरं काढली: 'थेट आत या. चिठ्ठी लागत नाही.'

"वाकडी आली गं," तो म्हणाला.

"येऊ देत," ताई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "खरी आहेत ना?"

बाबाला विचारा, पाठ भिंतीला टेकवली तरी हात वाढेल का म्हणून. आणि पाटी कितीही सुबक असली तरी तिलाही विचारा, तू अजून खरी आहेस का म्हणून. त्या दारात बहीणभावांपैकी एकाने जरी एवढं विचारलं असतं, तरी आज गावातल्या उंच भिंतींवर भावाची नवी अक्षरं असती.