वाऱ्याची खोली

"मी आठ दिवस इथून हलणार नाही. पाहिजे तर पोलिसांना बोलाव," असं म्हणून म्हातारा गवंडी समोरच्या खोलीतल्या खाटेवर मांडी ठोकून बसला आणि पोलिस येईपर्यंत वेळ जावा म्हणून चष्मा पुसू लागला.

दारात सून उभी होती, एका हातात बादली, दुसऱ्यात झाडू. सासऱ्याने तिचं नाव फार वर्षांपूर्वी मॅनेजरबाई ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं होतं की आता पत्रंही त्याच नावाने यायची.

"बाबा, साडेदहा वाजले. अकराच्या गाडीनं पोस्टवाले येतायत."

"येऊ देत. चांगली माणसं आहेत."

"त्यांना ठेवू कुठे? माझ्या डोक्यावर?"

"ते मॅनेजरनं बघायचं."

घर डोंगराच्या बरोबर निम्म्यावर होतं. वर, माथ्यावर, तळं होतं, हॉटेलं होती, स्वेटरांची दुकानं होती. ज्यांना ते परवडायचं ते सरळ वर जायचे. ज्यांना परवडत नसे ते या वळणावर उतरायचे. पोस्टातले कारकून, शिंपी, शाळेच्या गाडीचे ड्रायव्हर. सोबत स्वतःचा स्टोव्ह आणि तांदळाची पिशवी. परदेशाच्या सहलीच्या गप्पा त्यांनी कधी मारल्या नाहीत. आपल्याच देशातला अर्धा डोंगर त्यांना पुरत असे. मॅनेजरबाई त्यांना ठसक्यात सांगायची, "वर थंडी मिळते, आमच्याकडे वारा. थंडीला स्वेटर लागतो, वाऱ्याला काही लागत नाही." या एका वाक्यावर तिने कितीतरी बिऱ्हाडं जोडली होती.

आणि तो वारा समोरच्या खोलीत यायचा. खिडकी म्हाताऱ्याने स्वतः काढलेली. बत्तीस वर्षांपूर्वी, आधी वर्षभर अंगणात उभं राहून वाऱ्याची दिशा बघत, मग भिंत फोडून. पण दरीतला तो वारा वर चढायचा फक्त उन्हाळ्याचे सहा आठवडे. एरवी पान हलायचं नाही, नाहीतर पाऊस आत यायचा आणि खिडकी बंद ठेवावी लागायची. नेमकी त्याच पहिल्या उन्हाळ्यात एका आजारी मास्तरांनी खोली मागितली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात खोली पाहुण्यांची, आणि घरातली माणसं मागच्या पत्र्याच्या खोलीत.

मॅनेजरबाईने बादली खाली ठेवली.

"पत्रा तापतोय का? दुसरा पंखा आणायला सांगू यांना?"

"पत्रा तापायचाच. त्याचं काही नाही." म्हाताऱ्याने चष्मा चढवला. "ही खिडकी मी काढली. वाळू मी चाळली, ओळंबा मी लावला, चौकट मी बसवली. आणि तिच्यातून वारा कसा येतो, ते मला दरवर्षी पोस्टवाल्याच्या बायकोकडून ऐकावं लागतं. काय झोप लागली हो बाबा! मी म्हणतो, हो का, बरं झालं."

"पुढच्या वर्षी आधीपासून तुमच्यासाठीच..."

"हे तू गेल्या वर्षी म्हणालीस."

म्हणाली होती खरी. तिला आठवलं, आणि जे आठवलं ते मान्य न करण्याचा तिचा स्वभाव नव्हता. गेल्या वर्षी म्हातारा मागच्या खोलीतून इथवर एका दमात यायचा. आता मध्ये भिंतीला हात लावून थांबायचा, जणू भिंतीचा गिलावाच तपासतोय.

ती वळली, आत गेली आणि पाहुण्यांचं रजिस्टर घेऊन आली.

"फुकट खोली अडवता येणार नाही. नोंद करावी लागेल. पेशा?"

म्हातारा ताठ बसला. "गवंडी."

"कुठून आलात?"

"मागच्या खोलीतून."

"प्रवास बरा झाला?"

"बरा. वाटेत दोनदा दम लागला."

तिने मान वर केली नाही. "येण्याचं कारण?"

"हवापालट."

"मुक्काम किती?"

"वारा पडेपर्यंत."

"आठ दिवस म्हणत होता ना?"

"तेव्हा मी सासरा होतो. आता गिऱ्हाईक आहे, मुक्काम वाढवू शकतो."

तिने सही घेतली. खाली रस्त्यावरून चढणाऱ्या गाडीची घरघर ऐकू आली तशी पदर खोचून ती वळणावर जाऊन उभी राहिली.

गाडी इथे रोज थांबायची. चढाने तापलेल्या इंजिनात पाणी घालायला ड्रायव्हर उतरायचा, आणि त्या दहा मिनिटांत मॅनेजरबाईचे पाहुणे. पोस्टवाला दोन पिशव्या आणि स्टोव्ह सांभाळत उतरला, मागून बायको, मागून दोन मुली. मुली घराकडे धावत सुटल्या.

"थांबा गं पोरींनो," मॅनेजरबाई म्हणाली. "दादा, समोरची खोली या खेपेस नाही. मधली देते. आधी कळवायला हवं होतं, पण मलाच अर्ध्या तासापूर्वी कळलं."

पोस्टवाल्याच्या हातातला स्टोव्ह हळूहळू खाली आला. "नाही म्हणजे? दिली कुणाला?"

"एक वयस्कर पाहुणे आहेत."

"कोणी मोठे साहेब का?"

"गवंडी आहेत."

बायको हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "ऐकलंत? गवंड्यासाठी आपली खोली गेली."

माझे सासरे आहेत, त्यांना दम लागतो, एवढं म्हणायला मॅनेजरबाईला वेळ लागला नसता. ही माणसं नऊ वर्षं येत होती. लगेच विरघळली असती, आत जाऊन म्हाताऱ्याच्या पाया पडली असती, असू द्या हो बाबा म्हणाली असती. आणि म्हातारा? त्या दोन मुलींना बघून तो पाच मिनिटांत उठला असता. छे छे, मी आपला उगाच बसलो होतो, असं म्हणत स्वतःची उशी काखेत मारून पत्र्याखाली गेला असता. पुन्हा त्याने खोली मागितली नसती. मॅनेजरबाई त्याला पुरती ओळखून होती. 

"ताई, तुम्ही शब्द दिला होतात," पोस्टवाला म्हणाला.

"दिला होता. मी मोडला. मधल्या खोलीत पंखा आहे, मच्छरदाणी आहे. वारा नाही. खोटं सांगणार नाही."

"पंख्याखालीच झोपायचं तर आमचं घर काय वाईट होतं?" बायको म्हणाली.

"तेही खरंच."

ड्रायव्हरने बॉनेट धाडकन लावलं. पोस्टवाल्याने बायकोकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं आणि पिशव्या पुन्हा गाडीत चढवल्या. मुली परत आल्या. त्यांच्याकडे बघायचं मॅनेजरबाईने टाळलं. पायरीवर चढता चढता पोस्टवाला सवयीने वळला. नऊ वर्षं अडलंनडलं तो तिलाच विचारत आला होता.

"वर आम्हाला परवडेल असं काही आहे का हो?"

"पाण्याच्या टाकीमागे एक बाई खोल्या देते. जागा स्वच्छ आहे. मॅनेजरबाईनं पाठवलं म्हणा, भाव कमी करेल."

गाडी वर गेली. धूळ बसेपर्यंत ती तिथेच उभी होती.

दुपारी जेवायला नवरा आला. गॅसच्या टाक्या पोचवून घामाने निथळत होता. समोरच्या खोलीत वडील, मधली खोली रिकामी, हे पाहून त्याने कपाळाला हात लावला. "नऊ वर्षांचं गिऱ्हाईक घालवलंस?"

"घालवलं."

"ते आता परत यायचे नाहीत."

"नाही यायचे."

"मग?"

"मग उद्या अकराला गाडी पुन्हा तापेल. ती माझ्याच दारात तापते. कोणीतरी उतरेलच. तुम्ही जेवून घ्या, अंडी उकडलीत."

तो जेवायला बसला. ती समोरच्या खोलीत आली. भर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता तिच्या हाताला काम नाही, असं किती वर्षांत झालं नव्हतं, कोण जाणे. म्हातारा झोपला होता. तोंड थोडं उघडं, दोन्ही हात अंगापासून दूर, काम संपवून उताणं पडलेल्या माणसासारखे. खिडकीतून वारा आत येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. त्याच्या पायावरची चादर फुगायची आणि बसायची.

पावलं उघडी पडत होती म्हणून तिने चादरीचं टोक गादीखाली खोचलं. थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग वाकून ते टोक पुन्हा मोकळं केलं.