नणंदबाई डावीकडे बसल्या

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या वहिनींचा डावा कान एका सर्दीत गेला. सर्दी आठ दिवसांत बरी झाली, कान मात्र परत आला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली आणि दोन महिन्यांनी तपासणीचा कागद बाजूला ठेवून म्हणाले, "आता जे आहे ते असं आहे. उजवा अगदी ठणठणीत आहे, त्याला जपा."

वहिनींनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड फ्रेम ठेवायची, काच बदलायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, की मघाशी बरं दिसत होतं?" एवढ्याला एक कान पुरत होता. गिटारीला पुरत नव्हता.

वहिनी चोपन्न वर्षांच्या. गिटार त्या विसाव्या वर्षापासून वाजवायच्या आणि लग्न होऊन आल्या त्या गिटारीसकटच. दर शनिवारी दुपारी बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत त्यांची पाच जणांची मंडळी जमायची. ड्रमवर निवृत्त पोस्टमनकाका असायचे. कान गेल्यावर वहिनी तिथे दोनदाच गेल्या. पहिल्यांदा ड्रम कुठून येतोय आणि आपली गिटार कुठून, हेच कळेना. सगळे आवाज एकाच दारातून चेंगरून आत शिरत होते. दुसऱ्यांदा त्या एक अख्खं कडवं सगळ्यांच्या पुढे पळाल्या आणि कुणी एका शब्दानं टोकलं नाही. तेच त्यांना जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी गिटार पेटीत घातली आणि पेटी पलंगाखाली सरकवली.

वहिनींचे यजमान मालाचा ट्रक चालवायचे. आठवड्यातून दोन दिवस घरी. वरच्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण राहायची. एकटी, शिवणकाम करणारी, जिभेला हाड नसलेली. वहिनी त्यांना वन्सं म्हणत. बाकी सगळी गल्ली त्यांना नणंदबाई म्हणायची. वहिनी गिटार घेऊन बसल्या की वरून जमिनीवर लाकडी पट्टी ठोकल्याचा आवाज यायचा. वहिनींनी त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. त्या आवाज कमी करायच्या आणि वाजवत राहायच्या.

आठ महिने असेच गेले. मग एका मंगळवारी, वहिनींच्या सुट्टीच्या दिवशी, नणंदबाई सकाळीच खाली उतरल्या. गळ्यात नेहमीप्रमाणे मोजपट्टी लोंबत होती.

"वहिनी, साडी बदल. आपल्याला जायचंय."

"कुठे?"

"गिटारीच्या दुकानात. पोस्टमनकाका म्हणाले, तुझी ती म्हणजे नुसता भरीव पाट आहे, वीज नसली की मुकी. अर्धी पोकळ असलेली एक मिळते म्हणे. जुन्या घाटाची. ती अंगाला लागून वाजते."

"वन्सं, मला आता काय करायचीय? ऐकू येत नाही ते नाहीच."

"बघायला काही लागत नाही. नाही आवडली तर येताना मला बटणं घ्यायचीच आहेत."

नणंदबाईंशी वाद घालण्यापेक्षा साडी बदलणं सोपं होतं.

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भिंतभर गिटारी टांगलेल्या, मागे दुरुस्तीची खोली. दुकानाचा मालक स्वतःच दुरुस्त्या करायचा. उंच, किडकिडीत माणूस. खिशात कानस, बोटांना सरसाचे डाग. त्यानं तीन गिटारी खाली काढल्या. एक लालभडक, एक काळी, एक तपकिरी. तिन्हींच्या पोटावर दोन वळणदार भोकं. त्यानं नणंदबाईंना समजावून सांगितलं, की दोन्ही बाजूंनी ही पोकळ असते, पण मधोमध लाकडाचा ठोकळा असतो, म्हणून आवाज वाढवला तरी किंचाळत नाही.

"आणि ही तपकिरी इतकी झिजलेली का? वापरलेली विकताय?"

"नाही हो, नवीन आहे. जुनी वाटावी म्हणून रंग मुद्दाम घासलाय."

"म्हणजे नव्या पँटीला भोकं पाडून विकतात, तसंच की!" नणंदबाई म्हणाल्या. दुकानदार हसला. वहिनींना मात्र हसू आलं नाही. त्या लाल गिटार मांडीवर घेऊन वायर जोडली जायची वाट पाहत होत्या.

दोन सूर वाजवले आणि त्यांचा चेहरा उतरला. पलीकडे एक गिऱ्हाईक झांजा तपासत होतं, रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आणि त्या सगळ्या कालव्यात त्यांचे दोन सूर कुठेतरी हरवले. त्यांनी आवाज वाढवला. नुसता गोंगाट वाढला. पाच मिनिटांतच त्यांनी गिटार खाली ठेवली.

"वन्सं, चला. बटणं घेऊ."

नणंदबाई काही बोलायच्या आत दुकानदारानं विचारलं, "कोणता कान?"

वहिनींनी डाव्या कानाकडे बोट दाखवलं. त्यानं आणखी काही विचारलं नाही. तपकिरी गिटार उचलली, दोघींना मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. खोलीत लाकडाचा भुसा, वार्निशचा वास आणि शांतता. वायर त्यानं जोडलीच नाही.

"आता वाजवा. हळू. आणि हनुवटी इथे टेकवा, वरच्या कडेवर."

वहिनींना ते वेडेपणाचं वाटलं, पण त्या वाकल्या. हनुवटी लाकडाला टेकवली आणि एक जाड तार छेडली.

सूर जबड्यातून वर गेला. तो कोणत्याच बाजूनं आला नाही. डोक्यात मधोमध उभा राहिला. छातीच्या फासळ्यांनाही तो लागत होता, हळूहळू विरत जाताना सुद्धा. वहिनींनी दुसरी तार छेडली, मग तिसरी. मग एक पूर्ण स्वरमेळ. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आपला हात आणि आपला आवाज एका जागी सापडला. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते त्यांना कळलं नाही. गिटारीवर थेंब पडला तेव्हा त्यांनी घाईनं पदरानं पुसला.

"असू द्या," दुकानदार म्हणाला. "रंग मुद्दामच घासलाय म्हटलं ना."

मग त्यानं बाकीच्या दोन गिटारीही आत आणल्या आणि एक छोटा स्पीकर वहिनींच्या उजव्या हाताला ठेवला. आता खरी निवड करायची होती. पण वहिनी पुन्हा बिचकल्या. "डावीकडे कसं ऐकू जातं, ते मला कळणारच नाही."

नणंदबाईंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या अंगाला येऊन बसल्या. "तिकडचं तू ऐक, इकडचं मी ऐकते. वाजव."

एकेक गिटार झाली. लाल वाजल्यावर नणंदबाई म्हणाल्या, "दिसायला फक्कड. आवाज मात्र रिकाम्या डब्यात चमचा पडल्यासारखा." काळीला म्हणाल्या, "हिला सर्दी झालीय." तपकिरी त्यांनी पुन्हा एकदा वाजवायला लावली. मग म्हणाल्या, "ही बोलते. ओरडत नाही."

दुकानदारानं काळी पुन्हा वहिनींच्या हातात दिली, मग तपकिरी, आणि विचारलं, "आता बरी वाटते, की मघाशी बरी वाटत होती?"

वहिनी खो-खो हसत सुटल्या. बिचाऱ्या दुकानदाराला कळेना, की आपलं काय चुकलं. "अहो, हे मी दिवसातून पन्नासदा विचारते," त्या म्हणाल्या. "आज कळलं, उत्तर देताना लोक इतके का घाबरतात."

तपकिरीची मान जुन्या पद्धतीची, जाडजूड होती. त्यामुळे अंगठा दुखेल असं वहिनींना वाटलं होतं. उलट पंजाला टेकायला जागा मिळाली. "हीच," त्या म्हणाल्या. पैसे त्यांनी स्वतःच्या पगारातून दिले. नणंदबाई देऊ करत होत्या, पण त्यांनी हातच धरला.

"मग पट्टा तरी माझा," नणंदबाई म्हणाल्या आणि गळ्यातली मोजपट्टी काढून तिथल्या तिथे वहिनींच्या खांद्यापासून कमरेपर्यंत माप घेतलं. "बाजारचे पट्टे खांद्यात रुततात. दुहेरी कापड घालते, आत फोम."

वहिनींनी न राहवून विचारलं, "वन्सं, खरं सांगा. तुम्हाला माझ्या वाजवण्याचा त्रास व्हायचा ना? इतकी वर्षं पट्टी ठोकायचात."

"सुरुवातीची दोन वर्षं त्रास व्हायचा म्हणूनच ठोकायचे. खोटं कशाला बोलू? नंतर ती सवय लागली. तू वाजवायचीस, मी ताल धरायचे, शिवण भराभर व्हायची." त्या माप कागदावर टिपत होत्या, मान वर केली नाही. "या आठ महिन्यांत माझं मशीन वर एकटंच बडबडतंय. फार भकास वाटतं गं."

'आभारी आहे' असलं काही घरच्या माणसाला म्हणायचं म्हणजे जीभ अडखळते. वहिनींनी नणंदबाईंचा हात घट्ट दाबला. "बरं बरं, पोचलं," नणंदबाई म्हणाल्या. "सोड आता, पेन्सिल मोडेल."

त्या शनिवारी वहिनी छापखान्यात गेल्या. नवा पट्टा करड्या कापडाचा, रुंद, खांद्यावर मऊ बसलेला. दारातच थांबून त्यांनी सगळं सांगून टाकलं: डावा कान गेलाय, मागच्या वेळी मी चुकले, पुन्हा चुकले तर सांगा, गप्प बसू नका.

मग पोस्टमनकाका उठले. डावीकडे मांडलेले ड्रम त्यांनी एकेक करून उचलले आणि खोलीच्या उजव्या टोकाला नेऊन लावले. बाकीच्यांनी खुर्च्या उचलल्या. पाच मिनिटांत सगळी मंडळी वहिनींच्या उजवीकडे आली आणि डावीकडे नुसती खिडकी उरली.

"चूक झाली तर मी काठी आपटेन," काका म्हणाले. "आता घ्या, कोणतं घेताय?"

त्या दुपारी वहिनी तीनदा चुकल्या. तिन्ही वेळा काठी आपटली गेली. चौथ्या गाण्यात त्यांनी हनुवटी गिटारीच्या कडेवर टेकवली, डोळे मिटले आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. कान काही परत आला नाही, येणारही नव्हता. पण त्या रात्री जेवताना त्यांनी यजमानांना फोनवर दोन्ही माणसांबद्दल इतकं सांगितलं, दुकानदाराबद्दल आणि नणंदबाईंबद्दल, की शेवटी ते म्हणाले, "अगं, गिटारीचा रंग कोणता ते तरी सांग."