जेवता हात

“काका, पाय मोकळा सोडा,” असं म्हणत तिसऱ्या विद्यार्थ्याने स्कूटीच्या किल्लीने टिकारामच्या उजव्या तळपायावर टाचेपासून वर रेघ ओढली. पायाचा अंगठा वर उचलला गेला, म्हणजे बिघाडाची खूण मिळाली. पोराचा जीव भांड्यात पडला. डाव्या पायाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. डावा अंगठा खाली जातो, हे त्याला सीनियरच्या वहीतून पाठ होतं, मग उगाच वेळ कशाला दवडायचा?

“काका,” परीक्षक पलीकडच्या खाटेजवळ आहेत हे बघून तो हळूच म्हणाला, “बिघाड कुठं आहे?”

“मिडब्रेन. लेफ्ट,” टिकाराम ओठ न हलवता बोलला.

सातवी नापास टिकारामने असे आजवर चाळीसेक जण पास केले असतील. फिजिओथेरपीच्या या कॉलेजात दर वर्षी प्रॅक्टिकलच्या दिवशी पुलापलीकडच्या कारधा गावाहून त्याला बोलावलं जाई. त्या दिवशी तो पांढरा शर्ट घाली, दाढी करी आणि ‘केस नंबर तीन’ होऊन खाटेवर पडून राही. मुलांनी त्याला तपासायचं आणि बिघाड कुठे आहे ते सांगायचं. केस अशी छान, की बाहेरचे परीक्षकही खूश होत. डावा डोळा अर्धा मिटलेला आणि बुबुळ बाहेर वळलेलं, पण हातपाय मात्र उजवे लुळे.

नऊ वर्षांपूर्वी हे झालं तेव्हा गावाने त्याचे दोन आजार केले होते. डोळ्याला कुणाची तरी नजर लागली आणि हातपायाला लकवा मारला. दोन्हीवर वेगवेगळे उपाय झाले. मग या कॉलेजात शिकवणाऱ्या गभणे मॅडम भेटल्या. त्यांनी कागदावर डोकं काढलं आणि दाखवलं, की उजव्या हातापायाची तार डाव्या मेंदूतून निघते आणि खाली जाऊन बाजू बदलते. डाव्या डोळ्याची तार मात्र डावीकडेच राहते. या दोन तारा जिथे शेजारी येतात, तिथेच घोटाळा झालाय. टिकारामने घरी येऊन बायकोला सांगितलं, “एकाच धुऱ्यावर पाणी तुंबलं, गोलूची माय. म्हणून धानाच्या दोन बांध्या सुकल्या.” शकुनबाईला ते तेव्हाच पटलं.

तुमसरच्या राइस मिलमध्ये वीस वर्षं त्याने पोत्यांची तोंडं शिवली होती. तो हात गेला. मग हळूहळू त्याने डाव्या हाताला सगळं शिकवलं. काठी धरणं, बटण लावणं, आणि सगळ्यात आधी जेवणं. पहिल्या महिन्यात शकुनबाई त्याला भरवायची. समोरची माणसं बघत बसायची आणि घास त्याच्या तोंडात फिरत राहायचा. एके दिवशी त्याने ताट स्वतःकडे ओढलं आणि डाव्या हाताने अर्धं सांडत, अर्धं खात जेवला. त्यानंतर नऊ वर्षांत त्याने बायकोला एक घास भरवू दिला नव्हता. माणसाला कशाचा तरी ताठा लागतोच, टिकारामला त्याचा होता.

आणि आता गेल्या रविवारपासून डावा हात दगा देऊ लागला होता.

रविवारी पाण्याचा गिलास सुटला. हात ओला होता, असं तो म्हणाला. सोमवारी शर्टाच्या बटणाशी तो पाव तास झटला. आज गुरुवार, आणि सकाळी ऑटोत चढताना डाव्या पायातली चप्पल मागे रस्त्यावर राहिली तरी त्याला कळलं नाही. शकुनबाईने काही न बोलता ती उचलून आणली आणि त्याच्या पायात घातली. ती शाळेत खिचडी शिजवते, आजच्यासाठी एक दिवसाची सुट्टी मागून आली होती. तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघत टिकाराम मनात हिशेब करू लागला. उजवा गेला तेव्हा डावा होता. आता डावाही गेला तर उरणार कोण? हीच. पोरगा गोलू तिकडे पुण्याला कंपनीत. ही बाई सकाळी तीनशे पोरांची खिचडी ढवळणार आणि घरी येऊन या एका दांडग्या पोराला भरवणार, धुणार, उचलणार. नाही. आपोआप आलं तसं आपोआप जाईल, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

सकाळी मॅडमनीही काही ओळखलं नाही. त्यांचा तरी काय दोष? दोन रात्रींचं जागरण, आठ केस, बाहेरून आलेले साहेब. त्यांनी त्याचा बीपी घेतला, “काय काका, मजेत ना?” विचारलं आणि गेल्या वर्षीच्या कार्डावरून नवीन कार्ड उतरवून काढलं. डावी बाजू : नॉर्मल. टिकाराम म्हणजे पाठ झालेला धडा. पाठ झालेला धडा कोणी उघडून वाचतं का?

चौथी आणि शेवटची आली ती प्रतिक्षा. पवनीकडच्या आसगावची. मागच्या वेळी याच प्रॅक्टिकलला ती नापास झाली होती. संथ मुलगी. वेळ संपायची आणि हिचं तपासणं संपायचं नाही.

“जेवले का, काका?” तिने विचारलं.

“परीक्षा झाल्यावर डबा भेटते.”

“कोणता हात गेला?”

टिकारामने नेहमीचं वाक्य म्हटलं. “नऊ वरसं झाले, बाई. जेवता हात गेला.” उजव्या हाताला त्यांच्याकडे जेवता हातच म्हणत. मुलांनी ते ‘उजवा’ असं लिहून घ्यायचं असतं. प्रतिक्षानेही तेच लिहिलं.

मग तिने त्याला बसवलं, दोन्ही हात पुढे करून डोळे मिटायला सांगितलं. उजवा जेमतेम उचलला गेला. डावा ताठ पुढे. टिकाराम मनात दहा मोजत राहिला. डोळे उघडले तर डावा हात वीतभर खाली आलेला आणि तळवा आत वळलेला. तो खाली कधी आला, याचा त्याला पत्ताच नव्हता.

प्रतिक्षाने किल्ली काढली. उजवा अंगठा वर गेला. मग ती डाव्या पायाकडे वळली आणि टिकाराम सावध झाला. नऊ वर्षं याच किल्ल्या खाल्ल्या होत्या त्याने. चांगला अंगठा खाली जातो, हे त्याला कुठल्याही सीनियरपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याने होता नव्हता तो जोर लावून अंगठा खाली दाबून धरला.

“काका, दाबू नका नं.”

“कोठी दाबतो?”

ती हसली. किल्ली बाजूला ठेवून तिने विचारलं, “तुमच्या इकडे हलका धान कापून झाला का?”

“झाला ना. भारी उशिराचा, तो उभा आहे अजून.”

“आमचा पडला पूरा. बाबा म्हणते, यंदा बांधीत पाणीच हटून नाही राहिलं.”

“काहून? बांध फोडला नाही का त्याईनं? बांध फोडून वरच्या अंगानं...” टिकाराम रंगात आला, आणि त्याच क्षणी तळव्यावरून किल्ली सरकली. डावा अंगठा त्याच्या डोळ्यांदेखत सावकाश वर उठला.

दोघंही त्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

“कवापासून आहे, काका?”

“काय?”

“हे डावं.”

“काही नाही ते. तू मिडब्रेन लेफ्ट लिही, पास होशील.”

“काका, मले खरं सांगा. ही गोष्ट हलक्यात घ्याची नाही. आज हात ढिला आहे, उद्या पूरा जाईल.”

“मॅडमनं कार्डावर चांगला लिहिला आहे,” टिकाराम एकदम चिडून बोलला. “मॅडमपेक्षा जास्त शिकली का तू?”

तेवढ्यात घंटा वाजली.

परीक्षक आले. सकाळपासून बोलून त्यांचा घसा बसला होता आणि संध्याकाळची गाडी पकडायची होती. मागे गभणे मॅडम आणि आधीची तीन मुलं. दाराशी शकुनबाई काठी आणि पिशवी घेऊन उभी होती.

“बोला, बिघाड कुठे?”

“सर, दोन ठिकाणी.”

साहेबांनी मान वर केली.

“जुना डावीकडे, मिडब्रेनमध्ये. आणि नवीन एक आहे. डावा हात आणि डावा पाय अशक्त आहे, डावा अंगठा वर जातो. चेहऱ्याची डावी बाजू मात्र शाबूत आहे, म्हणून मानेतल्या मज्जारज्जूचाही विचार करावा लागेल. पण मला तो मेंदूत, उजव्या बाजूला वाटतो.”

साहेबांनी कार्ड पाहिलं. “डावी बाजू नॉर्मल आहे. स्वच्छ लिहिलंय.”

“सर, मी दोनदा तपासलं.”

“दोनदा चूक केली असेल. बाई, डावं-उजवं तरी कळतं का? जेवायचा हात कोणता, दाखवा बघू.”

मुलं हसली. प्रतिक्षाने उजवा हात वर केला. पहिलीतल्या पोरीसारखा तिने तो वर धरून ठेवला, खाली घ्यायचं तिला सुचेना. गभणे मॅडम कार्डाकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

“ठीक आहे, पेशंटलाच विचारू,” साहेब म्हणाले. “काका, डावीकडे काही त्रास?”

“नाही जी,” टिकाराम म्हणाला.

झालं. साहेबांनी पेन उघडलं. प्रतिक्षाने हात खाली घेतला. ती भांडली नाही, रडलीही नाही. खाटेखाली वाकली, टिकारामची चप्पल शोधली आणि त्याच्या डाव्या पायात बसवू लागली. अगदी सकाळी शकुनबाईने बसवली तशीच. टिकारामला तिच्या बोटांचा स्पर्श अर्धवटच कळला. आजवर चाळीस जणांनी या पायाकडे पाठ केलेलं उत्तर घेऊन पाहिलं होतं. ही एकटी पायाकडे पाहत होती, आणि तिलाच तो नापास करत होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

“साहेब,” तो म्हणाला. “जेवता हात गेला जी.”

“हो हो, ते माहीत आहे. उजवा. लिहिलंय कार्डात.”

“तो नाही जी.” त्याने डावा हात मांडीवरून उचलला. तो अर्ध्यातूनच परत मांडीवर पडला. “आता ज्यानं जेवतो, तो. रविवारपासून. पोरगी बरोबर सांगून राहिली.”

साहेब खाली बसले, खिशातून स्वतःची किल्ली काढली आणि डाव्या तळपायावर रेघ ओढली. मग हात तपासला. मग पुन्हा पाय. मघाशी घाईत असलेला माणूस आता सावकाश तपासत होता. शेवटी त्यांनी पेनने कार्डावरचं ‘नॉर्मल’ खोडलं.

“मॅडम, यांना ताबडतोब दवाखान्यात पाठवा, स्कॅन करून घ्या. बाकीच्यांची तोंडी परीक्षा थांबू द्या.” मग ते प्रतिक्षाकडे वळले. “मान की मेंदू, ते स्कॅन सांगेल. पण शोधलंत तुम्ही. आणि मघाशी मी बोललो ते... बोलायला नको होतं.”

गभणे मॅडम खाटेजवळ आल्या. “काका, मी सकाळी बघायला पाहिजे होतं.”

“मीच दाखवला नाही, मॅडम,” टिकाराम म्हणाला. “आता मी केस नाही राहिलो ना?”

“नाही काका. आता पेशंट.”

गाडी यायला अवकाश होता. त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून व्हरांड्यात आणलं. मॅडमनी चमच्या-चमच्याने पाणी पाजलं, ठसका लागत नाही आणि आवाज बदलत नाही हे बघून हळूहळू जेवायला हरकत नाही म्हणाल्या. डबा आला. दर वर्षी हा डबा तो मुलांच्या देखत डाव्या हाताने खाई आणि शीत सांडत नाही हे दाखवून देई.

शकुनबाईने डबा त्याच्या मांडीवर ठेवला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

“तुले सांगणार होतो मी,” तो म्हणाला.

“मले मालूम होतं.”

“काय मालूम होतं?”

“रविवारच्यान तुमाले अर्धाच गिलास भरून देऊन राहिली ना मी. कायले देत असन?” तिने पदराने तोंड पुसलं. “म्हटलं, तुमीच सांगान. आपण कायले बोलून दाखवाचं?”

टिकारामला आठवलं. सोमवारपासून ताटात भात कालवूनच येत होता. तो लपवत होता आणि ती त्याला लपवू देत होती.

त्याने डाव्या हाताने वरणभाताचा घास केला. तो तोंडापर्यंत पोचायच्या आत पांढऱ्या शर्टावर सांडला. शकुनबाईने लगेच तोंड फिरवलं आणि फाटकाकडे, गाडी येते का ते बघू लागली. त्याने दुसरा घास केला, तोही सांडला. व्हरांड्यात मुलं उभी होती. प्रतिक्षा उभी होती. टिकारामने हात धोतरावर पुसला आणि मांडीवर ठेवून दिला.

“गोलूची माय,” तो म्हणाला, “दे तूच.”

शकुनबाई वळली. खाली उकिडवी बसली, भात चांगला मऊ केला आणि एक लहानसा घास त्याच्या तोंडापुढे धरला. टिकारामने सगळ्यांदेखत तोंड उघडलं. घास मोठा नव्हता, पण तो गिळायला त्याला बराच वेळ लागला, आणि ती दुसरा घास हातात धरून थांबली.