शब्द येईपर्यंत

घरी तिचा धाकटा भाऊ तिला मौनीबाबा म्हणायचा आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. पाहुणे आले की पाण्याचा ट्रे ठेवून ती जी नाहीशी व्हायची, ती पाहुण्यांच्या चपला जिन्यात वाजेपर्यंत. "बोलणाऱ्याची माती खपते बाई, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही," असं म्हणून आई कपाळाला हात लावायची. त्यामुळे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात तिनं एक अख्खं सत्र परदेशात राहून स्पॅनिश शिकायचं ठरवलं, तेव्हा भावानं डोळे मोठे केले. "मराठीत गप्प बसून झालं वाटतं? आता स्पॅनिशमध्ये गप्प बसणार?"

तिथला नियम कडक होता. विमानातून उतरल्यापासून फक्त स्पॅनिश बोलायचं, वर्गात, रस्त्यात आणि ज्यांच्या घरी राहायचं त्यांच्याशीही. रविवारी घरच्यांना एक फोन करायचा, तेवढीच सवलत.

तिला घर मिळालं ते एका वयस्कर जोडप्याचं. बाई घरीच शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत मशीन, पडद्यांचे तागे आणि लोकांचे उसवलेले कोट. बसायचं तर आधी कुणाचा तरी कोट उचलावा लागे. तिनं मनातल्या मनात त्यांना काका-काकू करून टाकलं. काकू अखंड बोलत. काका खिडकीपाशी गप्प बसलेले असत. पहिल्या संध्याकाळी तिला हायसं वाटलं, चला, आपल्या पंथाचं कुणीतरी भेटलं.

खरी गोष्ट दोन दिवसांनी कळली. काका आयुष्यभर मासळीबाजारात लिलाव पुकारत आले होते. तोंडाचा पट्टा असा की घेणाऱ्याला विचार करायला सवड मिळायची नाही. दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला. चालणं परत आलं, उजवा हात थोडा लुळा राहिला, पण शब्द गेले. डोकं लख्ख होतं. समोरच्याचं सगळं कळायचं. फक्त हवा तो शब्द जिभेवर यायचा नाही, आणि यायचा तो भलताच.

काकूंनी यावर आपल्या परीनं उपाय काढला होता. "मला... मला..." असं काकांनी सुरू केलं की त्या मशीनवरूनच विचारायच्या, "पाणी? चष्मा? खिडकी लावू?" आणि एखाद्या शब्दाला काका मान हलवायचे. ही मुलगी आल्यावर काकूंना दुसरं गिऱ्हाईक मिळालं. तिनं तोंड उघडायच्या आत तिचंही वाक्य पुरं होई. महिना होत आला तरी घरात तिचं एकही वाक्य स्वतःच्या पायांवर पूर्णविरामापर्यंत पोचलं नव्हतं. काकूंच्या मायेबद्दल शंकाच नव्हती, पण त्या मायेत दोघंही मुकी झाली होती.

एका दुपारी काकू पडद्यांचं माप घ्यायला बाहेर गेल्या. दोघं सूप घेऊन बसली. काकांनी हातातला डाव वर केला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "कोलादोर."

तिनं मान डोलावली. नवा शब्द मिळाला. दुसऱ्या दिवशी वर्गात घरच्या स्वयंपाकाबद्दल सांगताना तिनं धीर करून सांगितलं, "आमच्याकडे सूप कोलादोरनं वाढतात." वर्ग खो खो हसला. कोलादोर म्हणजे गाळणी!

एरवी ती रडली असती. पण घरी येऊन तिनं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये काकांना सगळं सांगितलं, आणि गाळणीतून सूप वाढण्याचा अभिनयही करून दाखवला. काका आधी ओशाळले, मग हसू लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. काकू हातातला कोट टाकून धावत आल्या आणि दारातच थबकल्या. त्या घरात इतकं मोठं हसू खूप दिवसांनी आलं होतं.

तेव्हापासून दोघांचा वर्ग सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर घरातली एकेक वस्तू यायची: कात्री, किल्ली, कांदा, बटण. दोघांनी नाव शोधायचं. नियम एकच, दुसऱ्यानं शब्द पुरवायचा नाही. फारच अडलं तर बोट वर करून मदत मागायची. काकूंना हा नियम जड गेला. शेवटी त्यांनीच युक्ती काढली. टाचण्या ओठांत धरून त्या शिवायला बसायच्या, म्हणजे बोलताच यायचं नाही. काका एखाद्या शब्दासाठी झगडत असले की त्या टाचण्या थरथरायच्या.

आणि काका झगडायचे! ती पाहत राही. घाम यायचा, डावी मूठ वळायची, चुकीचा शब्द यायचा, ते तो झटकून टाकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. एका 'किल्ली'साठी एकदा चहा गार झाला. आपण नुसतं 'चुकलं तर?' म्हणून वर्षानुवर्षं तोंड मिटून बसलो, आणि हा माणूस चुकणार हे ठाऊक असूनही रोज तोंड उघडतो, हे तिच्या मनात कुठेतरी रुतून बसलं. रविवारच्या फोनवर तिनं आईला सांगितलं, "आई, इथले काका वाघ आहेत, वाघ."

"चावत नाहीत ना?" आईनं विचारलं.

एके सकाळी ते तिला बाजार दाखवायला घेऊन गेले. ओली फरशी, बर्फाच्या पेट्या, रबरी बूट. जुने सोबती भोवती जमले आणि कुणीतरी काकांना पेटीवर उभं केलं. "एक होऊन जाऊ दे!" काकांनी नको नको केलं, पण समोर माशांची टोपली ठेवताच त्यांच्या तोंडून लिलाव सुटला. आकडे, भाव, टोमणे, एका दमात, कुठेही न अडखळता. ती थक्क झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"किती छान बोललात!" परतताना ती म्हणाली.

काका बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "नळ." थोड्या वेळानं, "सोडला... की येतं. मी... नाही."

घरी काकूंनी उलगडा केला. जन्मभर घोकलेलं असं मागे राहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "लिलाव आणि शिव्या, दोन्ही शाबूत आहेत बघ. पण मीठ मागता येत नाही."

सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा होती. ज्यांच्या घरी राहतो त्यांच्यापैकी कुणाला तरी वर्गात आणायचं आणि सगळ्यांसमोर त्यांची मुलाखत घ्यायची. तिनं जेवताना काकूंना विचारलं. काकू हो म्हणणार, तेवढ्यात काकांनी टेबलावर हात आपटला.

"मी."

"अहो, तिची परीक्षा आहे," काकू हळूच म्हणाल्या. "आणि पोरं हसतील."

"हसू... दे."

मार्कांचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण तिनं काकांकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाली, "काकाच येतील."

त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात बसले. शिक्षिका मोठ्या प्रेमळ होत्या. काकांचा धंदा कळताच त्यांचा चेहरा खुलला. "मग आम्हाला एक लिलाव ऐकवा ना!"

तिला वाटलं, सुटलो. आता काका नळ सोडतील, वर्ग त्यांना डोक्यावर घेईल, परीक्षा पार पडेल.

काकांनी मान हलवली. "नको. आज... मी... बोलणार."

तिनं पहिला प्रश्न विचारला, मग दुसरा. काका एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा काढत होते. 'बाजार'च्या जागी 'रविवार' आला, तेव्हा मागच्या बाकावरून खसखस पिकली. काकाही हसले, आणि पुन्हा शोधायला लागले. मग तिनं विचारलं, "सगळ्यात अवघड काय आहे?"

काका गप्प झाले. खुर्च्या करकरल्या. शिक्षिकांना राहवलं नाही. त्या पुढे झुकल्या, "चालणं? की एकटेपणा?"

मौनीबाबानं हात वर केला. आपला हात वर गेलेला तिलाच उशिरा दिसला. "बाई, थांबा," ती म्हणाली. "त्यांना सांगायचंय. शब्द येतोय."

काकांची मूठ वळली, सुटली, पुन्हा वळली.

"अवघड... शब्द नाही," ते शेवटी म्हणाले. "अवघड... लोकांची... घाई."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावरच्या मुलानं वही मिटली आणि तो सरळ होऊन बसला. उरलेल्या प्रश्नांत तास संपून गेला, पण कुणी उठलं नाही. तिच्या व्याकरणात चुका निघाल्या, मार्क बेताचेच पडले. शिक्षिका तिला बाहेर गाठून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं शिकवते, पण थांबायला आज शिकले."

घरी आल्यावर काकू विचारू लागल्या, कसं झालं? तिनं तोंड उघडलं, पण काकांनी तिला खुणेनं थांबवलं आणि स्वतः सांगायला बसले. सांगता सांगता अंधार पडला. काकू दिवा लावायलाही उठल्या नाहीत.

ती परत आली ती काही पोपटासारखी बोलायला लागली नाही. पण पाहुणे आले की आता ती बाहेर बसते, आणि तिचं वाक्य अडलं की भावाला सांगते, "थांब जरा, येतंय." महिन्या-दोन महिन्यांनी काकूंचा फोन येतो. मागच्या वेळी पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला, तेव्हाच तिनं ओळखलं आणि शांतपणे वाट पाहिली.

"मी... शिकवतो," काका म्हणाले. झटक्यानं वाचा गेलेल्या एका शाळामास्तरांच्या घरी ते दर आठवड्याला जातात, हे तिला त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच गतीनं कळलं.

"मग कसे आहेत विद्यार्थी?" तिनं विचारलं.

काकांनी शब्द शोधला. तिकडे त्यांना हसू फुटलेलं तिला ऐकू आलं.

"हट्टी," ते म्हणाले.